स्टेअरिंग का थरथरते?

आपल्या गावात जुन्या जीपगाड्या आहेत. कधी कधी त्यांचे स्टेअरिंग ड्रायव्हरच्या हातात थरथरते. ते उगीच थरथरत नाही. माझे मामा गॅरेजात काम करतात. ते म्हणतात, "कधी थरथरतंय ते बघ, म्हणजे बिघाड कुठं आहे ते कळतं."

१) एकदम थरथरू लागले तर गाडी लगेच बाजूला थांबवावी. चाकाचे नट ढिले झाले असतील. पान्याने तपासावेत. नट निघाले तर चाकच निखळते!

२) ताशी ६० ते ८० किलोमीटर वेगालाच थरथरते, हळू गेले की थांबते. म्हणजे चाकाचे वजन सगळीकडून सारखे नाही. रिमला वाळलेला चिखल चिकटला असेल तर आधी तो काढावा. नाहीतर बॅलन्सिंग करावे. त्यात रिमच्या हलक्या बाजूला छोटे वजन लावतात.

३) हळू जातानाही हलते. टायरला फुगा आला असेल किंवा रिम वाकली असेल. चाक जॅकवर उचलून फिरवले की दिसते.

४) फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरते. बहुतेक ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क वेडीवाकडी झिजलेली असते.

५) खड्डा लागला की जोरजोरात हलते. स्टेअरिंगच्या दांड्यांचे सांधे, किंगपिन किंवा बेअरिंग झिजले असेल. उचललेले चाक दोन्ही हातांनी धरून हलवावे. खडखड वाजले तर ढिले आहे.

मित्रांनो, जीपमध्ये बसल्यावर स्टेअरिंग थरथरताना दिसले तर ड्रायव्हरकाकांना सांगा. लाजू नका. गाडीत आपणच बसलेले असतो.

– इयत्ता ४ थी