लघवीत बुरशी : औषधाआधी नळीकडे पाहा

गेल्या महिन्यात एक तरुण शेतकरी तपासणीचा कागद घेऊन दवाखान्यात आला. "डॉक्टर, दादांच्या लघवीत बुरशी निघालीय. किडन्या गेल्या का हो?" वडील सत्तरीचे, मधुमेही. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेली. लघवीसाठी घातलेली नळी, म्हणजे कॅथेटर, घरी आल्यावरही तशीच होती. ताप नाही, दुखणे नाही. कागदावर मात्र 'कॅन्डिडा'.

ही बुरशी निरोगी माणसाच्याही तोंडात व आतड्यांत असते. तिथले जिवाणू तिला आवरून धरतात. रुग्णालयात अँटिबायोटिक्सचा मारा झाला की हे जिवाणू मरतात आणि बुरशीला रान मोकळे होते. मधुमेहात तिचे आणखी फावते. त्यात नळी असली की बुरशी तिच्यावर बुळबुळीत थर धरते. त्या थरात औषध नीट पोचत नाही. म्हणून नळी असेतो बुरशी पुन्हा पुन्हा येते.

तेव्हा पहिला उपाय गोळी नव्हे. गरज संपलेली नळी काढणे, नको असलेली अँटिबायोटिक्स थांबवणे आणि साखर आटोक्यात आणणे हा होय. काही त्रास नसेल तर बहुतेकांना बुरशीचे औषध लागत नाही. उमेदीच्या काळात असा अहवाल पाहून मीही आणखी जोरदार अँटिबायोटिक लिहून देत असे. त्याने बुरशी वाढतेच, हे उशिरा उमगले.

मात्र थंडीताप, कुशीत दुखणे, लघवीला जळजळ किंवा वृद्धाचे एकाएकी बरळणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फार कमी वजनाची नवजात बाळे, पांढऱ्या पेशी अतिशय घटलेले रुग्ण आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया व्हायची असलेले रुग्ण यांना त्रास नसला तरी उपचार लागतात. अशांच्या रक्तात बुरशी शिरली तर जिवावर बेतते.

नेहमीचे औषध फ्लुकोनॅझोल. परंतु काही जातींची बुरशी त्याला दाद देत नाही, म्हणून कल्चर तपासणी लागते. शिवाय मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर ते घेतल्यास साखर एकदम उतरते. दुकानातून परस्पर आणून घेऊ नये.

नातेवाइकांनी एवढे पाळावे :
• "नळीची गरज अजून आहे का?" हे डॉक्टरांना रोज विचारावे.
• नळीला हात लावण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत.
• पिशवी रुग्णाच्या कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता अडकवावी.
• तपासणीसाठी पिशवीत साचलेली लघवी देऊ नये.
• नळी स्वतः ओढू नये. आत पाण्याने फुगवलेला फुगा असतो, इजा होते.

त्या दादांची नळी काढली. त्यांना मोकळेपणी लघवी होऊ लागली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासली तेव्हा बुरशी नव्हती. औषधाची चिठ्ठी लिहावीच लागली नाही. मुलाने मात्र दोनदा विचारले, "खरंच गोळी नको?"