रिक्षात कुणी कुठं बसावं?



आठवडी बाजार असो, बँकेचं काम असो की सरकारी दवाखाना, आपल्यापैकी बहुतेकींचं जाणं-येणं तीनचाकी रिक्षातून होतं. एसटीची वेळ सगळ्यांना जमत नाही. मग वडाप रिक्षा आली की "सरक गं थोडी" म्हणत आपण बसत जातो. तिघींच्या सीटवर पाच जणी, ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक जण आणि टपावर पोती. असं बसण्यात नेमका धोका कुठं आहे आणि तो कमी कसा करायचा, ते आज बघू.

रिक्षाला पुढं एकच चाक असतं, मागं दोन. चारचाकी गाडी वळणावर कलली तर पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना चाकाचा आधार असतो. रिक्षाला तो नाही. वेगात वळताना ड्रायव्हरनं ब्रेक दाबला की सगळं वजन पुढं आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला ढकललं जातं आणि आतलं मागचं चाक उचलायला बघतं. टपावर ओझं असेल तर रिक्षा आणखी लवकर कलंडते. चढावर वेगळंच होतं. मागं फार वजन झालं की पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल फिरवलं तरी रिक्षा पाहिजे तशी वळत नाही. म्हणून पोती, भाजीची गाठोडी टपावर नकोत, खाली पायांजवळ ठेवा. खडा चढ आणि चिखल असेल तर दोघी-तिघींनी उतरून तेवढं अंतर चालत जाणं बरं.

ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं नाही, हा पहिला नियम. तिथं माणूस बसलं की त्याचे कोपर अडकतात, हँडल पूर्ण फिरत नाही. शेजारी बसणाऱ्याचे गुडघे बाहेर राहतात, समोरून ट्रक घासून गेला तर पहिला मार त्यालाच. नेहमीच्या रिक्षात ड्रायव्हर सोडून तीनच प्रवासी बसायचे असतात. मोठ्या रिक्षात किती बसायचे, तो आकडा तिच्या आरसी बुकात असतो.

मागच्या सीटवर म्हातारं माणूस आणि गरोदर बाई मधे बसवा, धडधाकट बाई कडेला. कडेच्या बाईनं आतला दांडा धरायचा, हात किंवा कोपर बाहेर काढायचं नाही. लहान मूल मांडीवर, तेही आतल्या बाजूला. मुलाला पुढं ड्रायव्हरजवळ उभं करू नका, ब्रेक लागला की ते थेट हँडलवर आपटतं. समोरासमोर सीट असलेल्या मोठ्या रिक्षात ड्रायव्हरकडे पाठ करून बसायची जी सीट असते, तिथं दणके कमी लागतात, कारण ती मागच्या चाकांपासून लांब असते. कंबर दुखणाऱ्या बाईला तिथं बसवा. उलटं बसून मळमळत असेल तर मात्र नको.

आता पदर आणि ओढणी. वाऱ्यानं बाहेर गेलेलं टोक मागच्या चाकात गुंडाळलं की क्षणात गळ्याला फास बसतो. बसण्याआधी पदर कमरेला खोचा, ओढणीला मागं गाठ मारा. शाळेत जाणाऱ्या मुलींना हे रोज सांगा. मोटारसायकलवर मागं बसतानाही हीच काळजी घ्या. तिथं मागच्या चाकाला जाळी आहे ना, हेही बघा.

दिवस भरत आलेल्या बाईला पोट दाबून, गच्च रिक्षात बसवू नका. तपासणीला नेताना "दादा, स्पीडब्रेकरला सावकाश घ्या" असं निघतानाच सांगून ठेवा. कळा सुरू झाल्या तर रिक्षा शोधत बसू नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा, रुग्णवाहिकेला पैसे पडत नाहीत. हे नंबर घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट. लग्नाला, जत्रेला जाताना आपण मालाच्या तीनचाकी टेम्पोत बसतो. ती गाडी माणसांसाठी नाही. आत धरायला काही नसतं आणि अपघात झाला तर विम्याची भरपाई मिळवताना घरच्यांचे हाल होतात.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं, पण भाडं? समजा, तालुक्याला जायला माणशी ३० रुपये पडतात आणि रिक्षावाला सहा जणी भरतो. त्याची फेरी १८० रुपयांची झाली. त्याच्याही डोक्यावर कर्जाचा हप्ता असतो. तिघीच बसल्या तर प्रत्येकीला ६० रुपये पडतील. रोज हे परवडत नाही. म्हणूनच हा विषय एकेकटीनं नाही, गटानं हाताळायचा. बँकेत ज्यांच्या सह्या लागतात त्यांनीच जावं आणि त्यांचं भाडं ठराव करून गटाच्या खर्चात धरावं. गरोदर बाई, आजारी माणूस किंवा तान्हं बाळ असेल त्या दिवशी तिघींनीच रिक्षा करायची, हे आधीच ठरवून ठेवावं. गावातल्या दोन-तीन रिक्षावाल्यांना बैठकीला बोलवा. "आमच्या गटाची फेरी तुम्हालाच देऊ, पण पुढं कुणाला बसवायचं नाही आणि वळणावर वेग कमी ठेवायचा," असं स्पष्ट सांगा. एकटीचं बोलणं रिक्षावाला हसण्यावारी नेईल, पण दहा-बारा जणी कायमचं गिऱ्हाईक होणार असतील तर तो ऐकेल.

येत्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं या विषयाला द्या. काय ठरलं, ते ठरावाच्या वहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.