थेंब होण्याआधीच

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात, कपाटातल्या चपलांवर बुरशी चढते. आपण खिडक्या उघडतो, ऊन पडलं की गाद्या अंगणात टाकतो. आता असं घर डोळ्यांपुढं आणा, ज्याची खिडकी कधीच उघडता येत नाही. पृथ्वीपासून सुमारे चारशे किलोमीटरवर फिरणारं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक हे तसं घर. तिथं सहसा सात माणसं राहतात आणि श्वास व घाम मिळून प्रत्येक जण दिवसाला सुमारे दोन लिटर पाणी हवेत सोडतो. ते पाणी आपणहून कुठं जात नाही, काढावं लागतं.

नाही काढलं तर? एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ च्या तिघांनी ते पाहिलं. ऑक्सिजनची टाकी फुटल्यावर वीज वाचवण्यासाठी मुख्य यान बंद ठेवावं लागलं. आतली हवा गारठली आणि यंत्रांच्या फलकांवर दव साचलं. आम्हा कवींना दवाचं भारी कौतुक. तिथं मात्र, बटण दाबताच शॉर्टसर्किट होईल की काय, अशी धास्ती होती. १९६७ मधल्या अपोलो-१ च्या आगीनंतर तारांची आवरणं सुधारली होती, ती कामी आली. पुढं १९९० च्या दशकाच्या अखेरीस रशियाच्या मीर स्थानकात फलकांमागे गढूळ पाण्याचे मोठाले गोळे तरंगताना सापडले. त्यांत सूक्ष्मजीव सुखानं नांदत होते.

स्थानकावरची आजची पद्धत आपल्या ए.सी.सारखीच आहे. दमट हवा थंड पत्र्यांवरून न्यायची, म्हणजे वाफेचं पाणी होतं. आपल्याकडं ते पाणी नळीतून खाली ठिबकतं. पण अंतराळात ‘खाली’ नाही. थेंब पत्र्याला चिकटून बसतो, नाहीतर हवेबरोबर वाहत सुटतो. म्हणून पत्र्यावर पाणी पसरवणारा लेप देतात, बारीक छिद्रांतून पाणी आणि थोडी हवा ओढून घेतात, आणि मग ते मिश्रण वेगानं फिरणाऱ्या यंत्रात घालून पाणी वेगळं करतात. ताक घुसळल्यासारखा हा खटाटोप. लेप झिजतो, छिद्रं तुंबतात.

तुंबल्यानं काय होतं, हे १६ जुलै २०१३ रोजी कळलं. लुका पार्मितानो हा इटालियन अंतराळवीर स्थानकाबाहेर काम करत होता. त्याच्या पोशाखातही हवेतलं पाणी वेगळं करणारं असंच फिरतं यंत्र असतं. त्याची छिद्रं बुजली आणि पाणी शिरस्त्राणात भरू लागलं. ते खाली सांडेना. डोळ्यांवर, नाकावर, कानांवर चिकटून राहिलं. लिटर-दीड लिटर पाण्यानं माणूस अंतराळात बुडायला आला होता! समोरचं धड दिसत नसताना तो सुरक्षा-दोरीच्या आधारानं दारापर्यंत परतला.

म्हणून संशोधक विचारतात : थेंब होऊच का द्यायचा? वाफ वाफ असतानाच बाहेर काढली तर?

त्यासाठी लागतो एक पातळ पडदा. विज्ञानाच्या पुस्तकांत त्याला पटल म्हणतात. माठासारखं म्हणावं, तर माठाला छिद्रं असतात. ‘नॅफिऑन’ नावाच्या प्लास्टिकचा पडदा वेगळाच. हा टेफ्लॉनचा भाऊबंद. टेफ्लॉनवर पाणी ठरत नाही, पण याच्या रेणूंना जागोजागी आम्लाचे गट जोडलेले असतात आणि त्यांना पाण्याची भारी ओढ. दमट बाजूचा पाण्याचा रेणू एक गट पकडतो, पुढच्याच्या हाती देतो. बादल्यांच्या रांगेसारखा तो कोरड्या बाजूला पोहोचतो. ऑक्सिजन आणि नायट्रोजन जवळपास अलीकडंच राहतात. फिरणारं चाक नाही, थेंब नाही.

मग हे सगळीकडं का बसवलं नाही? एक तर ओढ क्षीण असते. खोलीतल्या साधारण दमट हवेच्या दाबात वाफेचा वाटा जेमतेम एक टक्का, तेव्हा पडदा भरपूर मोठा हवा. त्यासाठी केसासारख्या पोकळ तंतूंच्या जुड्या बांधतात. दुसरं, अमोनिया आणि अल्कोहोलसुद्धा त्यातून निसटतात. आणि खरा पेच पलीकडच्या बाजूचा आहे. बाहेरची पोकळी पाणी फुकट शोषून घेईल, पण ते कायमचं गेलं. मंगळाच्या वाटेवर हे परवडणार नाही. वाफ पंपानं ओढून बंद भांड्यात गार करायची, तर पंपाला वीज लागते. मला विचाराल तर तो खर्च पार्मितानोच्या शिरस्त्राणातल्या पाण्यापेक्षा स्वस्तच.

पडदे अंतराळात पोहोचलेत मात्र. मूत्रशुद्धीनंतर उरणाऱ्या खारट रबड्यातून पाणी काढणारं उपकरण २०२१ मध्ये स्थानकावर गेलं. त्यातल्या पडद्यांतून फक्त वाफ सुटते. त्याच्या मदतीनं ९८ टक्के पाणी परत मिळवता आलं, असं नासानं २०२३ मध्ये जाहीर केलं. गंमत अशी की, ही वाफ सोडली जाते ती केबिनच्या हवेत. तिथून तिला पकडायला अजूनही तेच थंड पत्रे आणि तेच फिरतं यंत्र लागतं.