मानसोपचारातील विश्वास आणि गैरसमज

शरीराच्या रोगाचे निदान करताना वैद्यास नाडी, रक्त, क्ष-किरणांचे चित्र यांचा आधार असतो. मानसोपचारकाजवळ रुग्णाच्या बोलण्यावाचून दुसरे साधन फारसे नसते. आणि विश्वास नसेल तर रुग्ण मन मोकळे करीत नाही.

१९०० च्या ऑक्टोबरात व्हिएन्ना येथे सिग्मंड फ्रॉइड याच्याकडे एका सुमारे अठरा वर्षांच्या मुलीस तिच्या वडिलांनी आणले. फ्रॉइडने आपल्या लेखनात तिला ‘डोरा’ हे नाव दिले आहे. तिला खोकला येई, आवाज बसे. वडिलांच्या एका स्नेह्याने आपल्याशी अनुचित वर्तन केले, असे तिने घरी सांगितले होते. त्या गृहस्थाने ते नाकारले आणि वडिलांनी त्याचेच खरे मानले. फ्रॉइडला मात्र तिची हकीकत खरी वाटली. येथवर सर्व ठीक होते. परंतु मनातून तुझे त्या गृहस्थावर प्रेमच आहे, असे तो तिला पुनःपुन्हा पटवू लागला. आपले येथेही कोणी ऐकत नाही, असे तिला वाटले असल्यास नवल नाही. ३१ डिसेंबरला तिने सांगितले, की आज आपला शेवटचा दिवस. हा निश्चय केव्हा केला, असे विचारता ती उत्तरली, पंधरा दिवसांपूर्वी. तोवर फ्रॉइडला त्याचा सुगावाही नव्हता!

१९०५ साली ही हकीकत प्रसिद्ध करताना फ्रॉइडने आपली चूक कबूल केली. इतरांविषयीचा राग वा प्रेम रुग्ण नकळत उपचारकाकडे वळवितो. यास भावसंक्रमण म्हणता येईल. ते आपण वेळीच ओळखले नाही, असे तो म्हणतो. कबुली प्रामाणिक आहे, पण अपुरी. दोषाचे मूळ त्याने मुलीच्या मनात शोधले, आपल्या बोलण्यात नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बॉर्डिन याने १९७९ मध्ये असे प्रतिपादन केले, की उपचारक व रुग्ण यांच्यात आपुलकी तर हवीच, शिवाय उपचाराचे उद्दिष्ट आणि त्यासाठी करावयाची कामे यांवरही दोघांचे एकमत हवे. डोराच्या बाबतीत हे एकमत कधी झालेच नाही. वडिलांना मुलीने तक्रार सोडावी असे वाटे, मुलीला आपले खरे मानले जावे असे वाटे, आणि फ्रॉइड तिच्या सुप्त मनाचा शोध घेत होता. आजचा जाणता उपचारक रुग्ण उशिरा येऊ लागला, गप्प राहू लागला किंवा प्रत्येक गोष्टीस चटकन ‘होय’ म्हणू लागला, की थांबून विचारतो : माझे काही चुकले काय? रुग्णानेही तसे स्पष्ट सांगण्यास संकोचू नये. गैरसमज उघड बोलून दूर झाला, तर पुष्कळदा विश्वास पूर्वीहून दृढ होतो.

१ एप्रिल १९०२ रोजी डोरा पुन्हा फ्रॉइडकडे आली. त्या गृहस्थाकडून आपण सत्य वदवून घेतले व ते वडिलांच्या कानी घातले, असे तिने सांगितले. फ्रॉइडने तिच्यावर पुन्हा उपचार केले नाहीत.