खिशातील किल्ल्या आणि लिथिअमचा घट

किल्ल्यांच्या जुडग्यामुळे एखाद्याची विजार पेटली असे कोणी सांगितले, तर तुम्ही हसाल. पण अमेरिकेत असे घडले आहे, आणि एकदाच नव्हे. तेथील अग्निशमन प्रशासनाने २०१७ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. २००९ ते २०१६ या काळात इलेक्ट्रॉनिक सिगारेटने पेट घेतल्याचे किंवा तिचा स्फोट झाल्याचे १९५ प्रसंग त्यात नोंदले आहेत. त्यांपैकी ६० प्रसंगी ती वापरात होती, ४८ प्रसंगी तिचा घट विद्युत्‌भारित होत होता, आणि ६१ प्रसंगी ती किंवा तिचा सुटा घट नुसता खिशात होता!

या सिगारेटमध्ये तंबाखू जळत नाही. घटाचा प्रवाह बारीक तारेच्या वेटोळ्यातून जातो, वेटोळे तापते आणि निकोटीन मिसळलेल्या द्रवाची वाफ होते. तत्त्व आपल्या इस्त्रीचेच. भारतात २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात यांवर बंदी आहे. तरीही आपल्याला तिच्याकडे पाहायला हवे, कारण तिच्यातील घट आपल्या घरीही आहे. पॉवर बँकेत आहे, बॅटरीत आहे, जुन्या लॅपटॉपमध्ये आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी असे घट काढून वापरणारे विद्यार्थी तर पुष्कळ.

या घटाला १८६५० म्हणतात. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, आणि शेवटचे शून्य दंडगोल आकाराची खूण. आत तांब्याचा व ॲल्युमिनिअमचा वर्ख, त्यांवर लावलेली रसायने आणि मध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा, अशी गुंडाळी सुरळीच्या वडीसारखी बसवलेली असते. लिथिअमचे आयन पडद्यातून इकडून तिकडे जातात. हा प्रवास पाण्यातून झाला असता तर किती बरे झाले असते! पण पूर्ण भारित घटाचा दाब ४.२ व्होल्ट असतो. एवढ्या दाबाखाली पाण्याचेच विघटन होईल. म्हणून आत सेंद्रिय द्रावक भरावा लागतो, आणि तो ज्वलनशील असतो.

आता किल्लीकडे वळू. घटाचे धनाग्र म्हणजे माथ्यावरची लहानशी टिकली. बाकीचा सगळा पत्रा, अगदी टिकलीभोवतीची कडासुद्धा, ऋणाग्र असते. दोहोंमध्ये एक कागदी चकती आणि प्लॅस्टिकचे पातळ वेष्टन, इतकाच आडोसा. वेष्टन फाटले की एक नाणेही दोन्ही अग्रे जोडू शकते.

साध्या टॉर्चच्या सेलचा अंतर्गत रोध तुलनेने मोठा असतो. तो अशा वेळी तापतो आणि लवकर दमतो. लिथिअमच्या घटाचा रोध मात्र ओहमच्या शंभराव्या भागांत मोजावा लागतो. किल्लीसकट एकूण रोध ०.०६ ओहम धरला, तर ओहमच्या नियमाप्रमाणे ४.२ ÷ ०.०६, म्हणजे ७० अँपिअर! घरातील मोठ्या प्लगमधून १५-१६ अँपिअर नेतात. शिवाय बराचसा रोध घटाच्या आतच असल्याने उष्णताही तेथेच निर्माण होते. सुमारे १३० अंश सेल्सिअसला पडदा वितळू लागतो आणि आतल्या आत आणखी जोडणी होते. तापमान वाढले की रासायनिक क्रिया वाढतात, त्यांनी तापमान आणखी वाढते. पुढे धनाग्राच्या रसायनातून ऑक्सिजनही सुटतो. मग किल्ली बाजूला केली तरी हे चक्र थांबत नाही. वायूंचा दाब वाढतो. नळीच्या बाजू मजबूत, टोक कच्चे, त्यामुळे ती कधी कधी अग्निबाणासारखी सुटते.

उपकरणांतही फरक असतो. एका प्रकारात धातूची नळी, घट, बटण आणि वेटोळे, एवढेच. वेटोळ्याचा रोध ०.५ ओहम असेल तर ८.४ अँपिअर वाहतात. हौसेने तो ०.१ केला की ४२. या आकाराच्या पुष्कळ घटांना दहा अँपिअरही झेपत नाहीत, आणि त्यांना अडवणारे आत कोणी नसते. दुसऱ्या प्रकारात इलेक्ट्रॉनिक मंडल आधी रोध मोजते आणि तो फार कमी आढळल्यास प्रवाह सोडतच नाही. हा प्रकार निश्चितच शहाणपणाचा. पण घट बाहेर काढून खिशात टाकला की ते मंडल मागे राहते. मोबाइलच्या घटाला त्याचे मंडल सहसा चिकटलेलेच असते, हे त्याचे भाग्य.

घटावरच्या छापील आकड्यांवरही भरवसा नको. या आकारात साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांहून फार जास्त धारकता मावत नाही, तरी बाजारात ९९०० छापलेले घट दिसतात. ज्याने धारकता खोटी छापली, त्याने प्रवाहाची मर्यादा खरी छापली असेल का?

प्रदर्शनाच्या प्रकल्पासाठी घट नेताना प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी किंवा प्लॅस्टिकची डबी वापरावी. फाटक्या वेष्टनाचा घट घेऊच नये. विमान प्रवासात सुटे घट सामानकक्षात ठेवू देत नाहीत, प्रवाशाने ते जवळ बाळगायचे असतात. २०१५ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ई-सिगारेटबाबतही हाच नियम केला. वरवर हे उलटे वाटते. परंतु प्रवाशांच्या कक्षात धूर लगेच दिसतो, आणि पेटलेल्या घटावर भरपूर पाणी ओतून तो थंड करता येतो. सामानकक्षात तेथवर कोणाचा हात पोहोचत नाही.