आजोबांची वसाहत, नातवंडांची शाळा

निवृत्तांसाठी वेगळी वसाहत उभी राहिली की आपण आतल्या सोयी पाहतो. लिफ्ट केवढी आहे, डॉक्टर कधी येतात, जेवण खोलीवर मिळते का. कुंपणाबाहेर जे गाव आधीपासून नांदत होते त्याचे पुढे काय झाले, हे फारसे कोणी विचारत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात या प्रश्नाला साठाहून अधिक वर्षांचा अनुभव आहे, म्हणून जरा तिकडे जाऊ.

फिनिक्स शहराजवळच्या कापसाच्या शेतांत डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने 1 जानेवारी 1960 रोजी 'सन सिटी' खुली केली. घरे, गोल्फचे मैदान, पोहण्याचा तलाव, बाजार, सगळे तयार. मात्र घर घेणाऱ्याचे वय पन्नासच्या पुढे हवे आणि शाळेच्या वयाची मुले तिथे कायमची राहू नयेत, अशी अट होती. 2020 च्या जनगणनेत या वसाहतीची लोकसंख्या 40 हजारांच्या घरात गेली होती.

परिसराचा फायदा झाला, हे आधी सांगायला हवे. 1970 मध्ये तिथे बॉसवेल रुग्णालय सुरू झाले. दुकाने, बँका आली. परिचारिका, माळी, प्लंबर यांना काम मिळाले.

अडले ते शाळेपाशी. अमेरिकेत शाळा चालवणाऱ्या जिल्ह्याला नवी इमारत बांधायची तर कर्जरोखे काढावे लागतात, ते घरपट्टीतून फेडायचे असतात आणि त्यासाठी लोकांचे मत घ्यावे लागते. सन सिटी तेव्हा शेजारच्या पेओरिया गावाच्या शाळा-जिल्ह्यात होती. पेओरियात मुले वाढत होती, वर्ग अपुरे पडत होते. इकडे ठरावीक उत्पन्नावर जगणारी वडीलधारी मंडळी म्हणत, आमची मुले आम्ही शिकवली, आता पुन्हा कशाला? त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. पण मतदानाला ती न चुकता जात, आणि एकामागून एक प्रस्ताव पडत गेले. शेवटी 1970 च्या दशकात सन सिटी त्या शाळा-जिल्ह्यातून वेगळी काढण्यात आली. भांडण मिटले, पण त्या घरांचा करही गेला.

सन सिटीला लागूनच यंगटाउन आहे, 1954 मध्ये वसलेले. वृद्धांच्या गावाला हे नाव! बारसे कसे करावे हे आम्हा कवींनी बिल्डरांकडून शिकावे. तिथेही वयाची अट होती. सावत्र बापाचा मार चुकवून एक सोळा वर्षांचा मुलगा तिथल्या आजी-आजोबांकडे राहायला आला, तर गावाने हरकत घेतली. प्रकरण राज्याच्या महाधिवक्त्यापर्यंत गेले आणि 1998 मध्ये ती अटच संपली. आता यंगटाउनमध्ये मुलाबाळांची कुटुंबे राहतात.

आपल्याकडे पुण्यात 'अथश्री'सारखी ज्येष्ठांची संकुले उभी राहिली आहेत. पेओरियासारखा तंटा इथे व्हायचा नाही, कारण शाळेच्या खर्चावर रहिवाशांचे मतदान नसते. 1962 च्या कायद्याने आलेला राज्याचा शिक्षण कर मिळकतकराच्या बिलातच येतो. घरात शाळकरी मूल आहे की नाही, हे तो विचारत नाही. इथला परिणाम वेगळ्या वाटेने होतो. संकुलात स्वयंपाकाला, झाडलोटीला, रात्री उशाशी बसायला बायका लागतात, आणि त्या बहुधा जवळच्या वस्तीतून येतात. पगार घरी येतो ही मोठीच गोष्ट. पण संकुलामुळे आसपासच्या जागांचे भाडे चढले तर त्यांनाच लांब राहायला जावे लागते. मग रात्रपाळीच्या बाईला शेवटची बस गाठायची असते, आणि तिच्या स्वतःच्या म्हाताऱ्या सासूजवळ त्या वेळी कोण बसते, हे संकुलाच्या माहितीपत्रकात छापलेले नसते.