आवाज घुमतोय? आधी माइक जवळ आणा

नवीन गाळा घेतला, रंग दिला, फरशी चकाचक केली आणि मोबाइल स्टँडला लावून आठ फुटांवरून दुकानाचा पहिला व्हिडिओ काढला. चित्र झकास. आवाज मात्र विहिरीतून बोलल्यासारखा! गिऱ्हाइकाला भाव आणि पत्ताच कळला नाही, तर तो व्हिडिओ वर सरकवून पुढे जाणार. माझे सुरुवातीचे व्हिडिओ असेच रिकाम्या खोलीत काढलेले होते. सगळे परत काढावे लागले.

यात मोबाइलचा दोष नसतो. तुमचा आवाज माइकपर्यंत दोन वाटांनी जातो. एक सरळ, आणि दुसरा भिंत, काच, स्लॅबवर आपटून, जरा उशिरा. हा आपटलेला आवाज खोलीभर साधारण सारखाच पसरतो. सरळ येणारा मात्र अंतर निम्मं केलं की 6 डेसिबलनं वाढतो. म्हणजे माइक 8 फुटांवरून 1 फुटावर आणला की 18 डेसिबलचा फायदा, तोही फुकट! म्हणून कॉलर माइक लावा, हनुवटीखाली वीतभर अंतरावर. तो नसेल तर दुसरा मोबाइल कॅमेऱ्यात दिसणार नाही असा जवळ ठेवून त्यावर आवाज रेकॉर्ड करा आणि एडिटिंगला जोडा.

मग खोलीकडे वळा. 1895 मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाला ते निस्तरायला सांगितलं. त्यानं रात्री-रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या आणि प्रत्येक वेळी घुमणं किती कमी झालं ते मोजलं. तुमच्याकडे गाद्या नाहीत? गोधड्या, सतरंज्या, जाड पडदे, कापडाचे तागे आहेत ना! फ्रेमच्या बाहेर, तुमच्या समोर आणि बाजूला टांगा. कपड्यांचा व्यवसाय असेल तर तुमचं गोडाऊन हाच स्टुडिओ. अंड्यांचे ट्रे मात्र भिंतीला चिकटवू नका. पातळ पुठ्ठा तो, माणसाच्या आवाजावर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

‘सॉफ्टवेअर आहे की!’ आहे. पण साधं नॉइज रिडक्शन पंख्याची एकसारखी घरघर ओळखतं. घुमणारा आवाज तुमचाच असतो, तो वेगळा काढणं अवघड. ॲडोबी पॉडकास्टचं एन्हान्स स्पीच किंवा डी-रिव्हर्ब नावाची साधनं बऱ्यापैकी काम करतात, पण पूर्ण जोरात लावली की शब्दांची शेपटं खाल्ली जातात. माझ्या मते अर्ध्यावर ठेवा. आणि रेकॉर्डिंगचा आवाज नुसता वाढवला तर घुमणंही तेवढंच वाढतं, हे विसरू नका.

आता उठा आणि दुकानाच्या मधोमध एक टाळी वाजवा. मागे ‘टण्ण’ असं शेपूट ऐकू आलं तर गोधडी काढा. मग दुकानाचं नाव, पत्ता आणि एक भाव बोलून रेकॉर्ड करा, आधी लांबून, मग वीतभरावरून. दोन्ही हेडफोन लावून ऐका.